कोणी कोणाचे पाय धरायचे

हळद काढणीचे दिवस होते. हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या शिवारातल्या एका घरासमोर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि ओसरीवर पन्नाशीची एक बाई पाय लांब करून बसली होती. डावा पाय उजव्याच्या जवळजवळ दुप्पट. गुडघ्याखालची कातडी जाड आणि खरबरीत, घोट्याशी खोल वळी, बोटांच्या बेचक्यांत पांढरट ओल. नांदेडला शिकलेली एक तरुण फिजिओथेरपिस्ट पाटावर बसून तो पाय धूत होती. साबण थेट पायावर न चोळता तिने आधी हातावर फेस केला, घोट्याची वळी दोन बोटांनी उघडून आतून धुतली, स्वच्छ पाणी ओतले आणि मऊ सुती कापडाची बारीक सुरळी करून एकेक बेचकी टिपून कोरडी केली. मग पट्टी बांधून दाखवली, सोडली, आणि बाईच्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काका, आता तुम्ही बांधा. काकूंना एवढं वाकता येत नाही. रोज तुम्हालाच बांधावी लागेल."

नवरा एक पाऊल मागे सरला. पण त्याच्याही आधी बाईनेच पाय ओढून घेतला. "नगं माय," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता, "आवं, तुमी माह्या पायाला हात नका लावू. मला पाप लागंल."

त्या ओसरीवर दुष्ट कोणीच नव्हते. या पायापायी इतक्या वर्षांत काय काय केले ते नवऱ्यानेच मला सांगितले. तीन ठिकाणचे अंगारे, घोट्याला काळा दोरा, एका जाणत्याने दिलेले डाग, महिनोन्‌महिने पाण्याची गोळी, एका वर्षी हळदीचे आलेले सगळे पैसे. बायकोसाठी तो काहीही करायला तयार होता, एक गोष्ट सोडून. तिचा पाय हातात घेणे त्याला जमत नव्हते आणि त्याने तो घ्यावा हे तिला सोसत नव्हते. मला जे म्हणायचे आहे ते या अडलेल्या हाताविषयी आहे.

आपल्या घरात पाय हा नुसता अवयव नसतो, ती उतरंडीची खूण असते. देवाच्या पायांवर डोके ठेवायचे, थोरांच्या पाया पडायचे, लग्नात जावयाचे पाय धुवायचे, अडचणीत सावकाराचे पाय धरायचे. बुवा गावात आले की त्यांची पाद्यपूजा. चुकून कोणाला पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या बायकांविषयी आणि दलितांविषयी वापरत आलो. म्हणजे कोणी कोणापुढे वाकायचे हे आपण पायांवरून ठरवले. धाकट्याने थोरल्यापुढे, बाईने पुरुषापुढे, मजुराने मालकापुढे. उलट दिशेने वाकणे निषिद्ध. आणि या सुजेचा, म्हणजे लिंफिडीमाचा, उपचार असा आहे की त्यात निरोगी माणसाला आजारी माणसाच्या पायाशी रोज बसावे लागते, मग तो आजारी माणूस घरातला कोणीही असो.

हा आजार काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. रक्तवाहिन्यांतून पाझरलेले जास्तीचे पाणी, प्रथिने आणि टाकाऊ कण गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणारी नळ्यांची एक स्वतंत्र व्यवस्था शरीरात असते. तिच्यातून वाहणाऱ्या द्रवाला लसीका म्हणतात. जांघेत, काखेत, मानेत असलेल्या गाठी ही तिची गाळणी. या नळ्या किंवा गाठी निकामी झाल्या की द्रव तिथेच तुंबतो, त्यातली प्रथिने मांसात साचतात, कातडी जाड आणि कडक होत जाते, आणि अशा कातडीला जंतू पटकन पकडतात. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, माणूस चार-पाच दिवस अंथरुणाला खिळतो. असा प्रत्येक हल्ला उरल्यासुरल्या नळ्यांची आणखी नासधूस करतो आणि पाय पुन्हा पूर्वीइतका बारीक होत नाही. पाय दरवर्षी वाढत जातो तो मुख्यतः या तापांमुळे.

आपल्याकडे पाय असा सुजण्याचे मोठे कारण हत्तीरोग. शेजारच्या नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची नावे या रोगाच्या यादीत वर्षानुवर्षे आहेत, आणि पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कामासाठी जाणाऱ्या माणसांना जिल्ह्याच्या सीमा नसतात. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा धाग्यासारखा कृमी लसीकेच्या नळ्यांत राहतो. सहा ते आठ वर्षे जगतो आणि तेवढ्या काळात लाखो पिल्ले रक्तात सोडतो. ती एका माणसातून दुसऱ्यात नेतो क्युलेक्स डास, आणि हा डास वाढतो घाण साचलेल्या पाण्यात, म्हणजे तुंबलेल्या नालीत आणि उघड्या शौचखड्ड्यात. १८७२ मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्ले पाहिली. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात ती डासाच्या पोटात वाढतात हे दाखवले. म्हणजे या रोगात डास आहे हे कळून जवळपास दीडशे वर्षे होत आली.

तरीही गावात कारण विचारा, उत्तर येते मागच्या जन्मीचे पाप, नाही तर कोणाची करणी. मी या उत्तराला हसत नाही. ते का टिकले हे पाहिले पाहिजे. साप चावला तर घटकाभरात विष चढते, कारण आणि परिणाम शेजारी शेजारी दिसतात. इथे तसे होत नाही. एका चाव्याने हा रोग होत नाही, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चावे व्हावे लागतात. लागण पुष्कळदा लहानपणी होते आणि पाय सुजतो तिशी-चाळिशीत. मधली वीस वर्षे काहीच दिसत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडले की त्या रिकाम्या जागेत माणूस गोष्ट रचतो. ज्याला डास दिसला नाही त्याला पाप दिसते.

पण इतकेच असते तर जुन्या काळाला तरी दोष देता आला असता. तोही देता येत नाही. सुश्रुतसंहितेत या आजाराला श्लीपद म्हटले आहे, आणि जिथे जुने पाणी साचून राहते, जिथे सगळ्या ऋतूंत ओल आणि गारवा असतो, अशा प्रदेशांत तो विशेष होतो असे तिथे स्पष्ट नोंदवले आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या त्या वैद्याने रोग्याच्या पत्रिकेकडे न पाहता त्याच्या गावच्या पाण्याकडे पाहिले. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी निदान एवढी परंपरा तरी पाळावी. साचलेल्या पाण्याची जबाबदारी मात्र गावाची असते आणि गावाच्या वरच्या आळीचे सांडपाणी कोणत्या वस्तीच्या दारात येऊन तुंबते हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पाप हा शब्द वापरायचाच असेल तर तो त्या नालीसाठी वापरा. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन हेच दाखवले होते. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घातला आणि खराटा कोपऱ्यात ठेवला.

कोणी म्हणेल, "अंगाऱ्याने गुण आलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे." पाहिला असेल. मी त्यांना खोटे म्हणत नाही. पण काय पाहिले ते तपासू. ताप आणि लाली यांचा हल्ला बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगारा लावला की पाचव्या दिवशी उतार पडतो आणि श्रेय अंगाऱ्याला जाते. दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या अवस्थेत ही सूज रात्रभर पाय वर ठेवून झोपले की सकाळी उतरते. एखाद्या ठाण्यावर पाच रात्री मुक्काम करणारी बाई त्या पाच दिवसांत रानात उभी राहत नाही, डोक्यावर पाणी वाहत नाही, चुलीपुढे तासन्‌तास उकिडवी बसत नाही. आयुष्यात प्रथमच तिला पाच दिवस विसावा मिळतो. पाय हलका होणारच. ती घरी परतते, कामाला लागते, पाय पुन्हा भरतो, आणि तिला सांगतात, तुझ्या श्रद्धेत कमी पडले. देवाने दिलेला नव्हता तो गुण देवाच्या नावे जमा, आणि परतलेली सूज बाईच्या नावे खर्ची. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

या सगळ्यात थेट नुकसानही आहे. घोट्याला करकचून बांधलेला दोरा उरलेला निचरा अडवतो. डाग देणे आणि चिरा मारणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे. आणि जोराने रगडून केलेले मालिश, जे घरोघर मायेने केले जाते, ते कातडीखालच्या नाजूक नळ्यांना इजा करते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. डासाच्या चाव्याचे नाव त्यात नाही. ते असावे असे मी म्हणत नाही. चाव्यानंतर वीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला कायद्याचा हात पुरत नाही, तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची अक्कल कामाला यावी लागते.

आता उपचार. हृदय रक्त ढकलते, पण लसीकेला असे हृदय नाही. तिच्या नळ्यांचे स्वतःचे आकुंचन, आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल आणि श्वासाबरोबर छाती-पोटात होणारा दाबाचा बदल यांवरच ती वर सरकते. सगळा व्यायामोपचार या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी पोटाने खोल श्वास घ्यायला लावते. मग हाताने निचरा करताना सुरुवात सुजलेल्या पावलापासून करत नाही. आधी मान, मग जांघ, मग मांडी, गुडघा, पोटरी आणि सर्वांत शेवटी पाऊल. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हळदीच्या सरीत पाणी तुंबले तर तो आधी पुढची वाट मोकळी करतो, नंतर मागचे पाणी सोडतो. हाताचा दाब इतका हलका की फक्त कातडी सरकावी, खालचे मांस दबू नये. मालिश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिलवानाची रग येते. इथे ती विसरावी लागते.

त्यानंतर पट्टी. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल, आणि पट्टी बांधून चालायचे, टाचा उचलायच्या, घोटा फिरवायचा. पट्टीची भिंत आणि पोटरीचा स्नायू यांच्या मध्ये द्रव दाबला जातो आणि वर चढतो. पाय हलवू नकोस, जड होईल, हा सल्ला म्हणूनच चुकीचा. पट्टी बांधून हलवलेला पाय हलका होतो. फक्त ताप आणि लाली असताना हाताने निचरा, व्यायाम आणि पट्टी बंद. तेव्हा विसावा, गार पाण्याच्या घड्या आणि डॉक्टरांनी दिलेले औषध. हृदय कमजोर असेल, शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा पायाला रक्तच कमी पोचत असेल तर पट्टी घातकही ठरते, म्हणून आधी डॉक्टरांनी पाय तपासलेला असावा. मेडिकलच्या दुकानात मिळणारी साधी ताणाची क्रेप पट्टी झोपताना काढून ठेवावी. रात्री पायाच्या बाजूने खाटेखाली दोन विटा घालाव्यात. आणि पाण्याची गोळी, जी आपल्याकडे सूज दिसली की सर्रास दिली जाते, तिने या सुजेचे मूळ हलत नाही. ती पाणी काढते, अडकलेली प्रथिने तिथेच राहतात.

हे शास्त्र घडवणारी माणसे कोण होती? १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करणारे एमिल आणि एस्ट्रिड व्होडर हे डॅनिश पतिपत्नी, ज्यांनी हाताने निचरा करण्याची पद्धत बसवली. पुढे जर्मनीत तिला पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन पूर्ण उपचार उभा केला तो मिखाएल आणि एटेल्का फोल्डी यांनी. तेही पतिपत्नी. दोन्ही वेळा नवराबायकोने मिळून माणसांचे सुजलेले हातपाय हातात घेतले, ही गोष्ट त्या ओसरीवर बसून मला फार महत्त्वाची वाटली.

परदेशाचे नाव काढले की काहींना आयुर्वेदाचा अपमान झाल्यासारखे वाटते. त्यांनी केरळमधल्या कासरगोडला पाहावे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीमध्ये डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातली काही औषधे, योगासने, श्वसन आणि आधुनिक दाबपट्टी यांची सांगड घालून लिंफिडीमाचा उपचार बसवला आणि तो अलप्पुळा व आपल्या सीमेलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यांतल्या गावांत नेऊन वापरला. त्यांनी पाय मोजले, आधी आणि नंतर. माझा आग्रह एवढाच आहे. पद्धत कोणत्याही देशाची, कोणत्याही ग्रंथातली असो, ती मोजमापाला तयार असली पाहिजे. शिंप्याचा टेप आणि एक वही पुरते. घोट्याशी किती, त्यावर वीतभर अंतरावर किती, तारीख घालून लिहायचे. अंगारा देणाऱ्यालाही हा टेप द्या. तो मोजू द्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालेच.

यावर सर्वांत प्रामाणिक आक्षेप रुग्णांकडूनच येतो. "एवढं करून पाय बरा होणार का?" जुना, कडक झालेला पाय पहिल्यासारखा होत नाही. हे लपवणारा फिजिओथेरपिस्ट आणि चमत्काराचे वचन देणारा बुवा यांच्यात मग फरक राहत नाही. पण बरा होणे आणि न होणे यांच्यामध्ये फार मोठा मुलूख आहे. वर्षात चार वेळा येणारा ताप एकदाच येणे, चप्पल पुन्हा पायात बसणे, वास जाणे, नातवाला मांडीवर घेता येणे, बाजाराला चालत जाऊन परत येणे. मधुमेह बरा होत नाही म्हणून आपण इन्सुलिन टाकून देत नाही. शेतात तण पुन्हा उगवते म्हणून खुरपणी सोडत नाही. रोजची निगा ही आपल्या माणसांना शिकवावी लागणारी गोष्ट नाही, ती त्यांच्या हाडीमाशी आहे. अडचण अशी की औषध म्हणजे एक तर गोळी नाही तर चमत्कार, असे आपण मनाशी ठरवले आहे, आणि रोज धुणे-पुसणे हे बायकी काम.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि उन्हाचा, आणि तो खरा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सकाळी अर्धा तास कुठून मिळणार, आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या वर पारा असताना पायाला पट्ट्या गुंडाळून रानात कसे उभे राहणार? पुस्तकातले वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणार नाही. ज्या दिवशी पट्टी शक्य नाही त्या दिवशी धुणे, कोरडे करणे आणि रात्री पाय उंच ठेवणे तरी सुटू नये, कारण तापाचे हल्ले कमी करण्यात सर्वांत मोठा वाटा त्या साबणपाण्याचाच आहे. बोटांच्या बेचक्यांतली बुरशी आणि बारीक चीर हे जंतूंचे दार. ते बंद राहिले पाहिजे. बाकीचा अर्धा तास घरातल्या इतरांनी तिच्या कामातून काढून द्यायचा आहे. तिचा वेळ नाही असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या वाट्याचे पाणी कोण भरेल हा प्रश्न आपण टाळत असतो.

हा आजार फक्त नालीकाठच्या वस्तीचा नाही, हेही सांगायला हवे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या साधारण पाचातील एका स्त्रीला पुढे हाताचा लिंफिडीमा होतो, कारण काखेतल्या गाठी काढाव्या लागतात किंवा त्यांना किरणोत्सर्गाचे उपचार मिळतात. अवयव वेगळा, पण तत्त्व तेच, उपचार तोच. शहरातल्या शिकलेल्या घरांत तिथे अंगारा लावत नाहीत. तिथे बाई हात शालीखाली ठेवते, कर्करोग हा शब्द घरात उच्चारला जात नाही, आणि पुरुष फिजिओथेरपिस्टला काख कशी दाखवायची म्हणून सुजेची पहिली वर्षे, जेव्हा ती सहज आवरली असती, निघून जातात. गावात पाप आणि शहरात अब्रू. दोन्हींचा परिणाम एकच, अवयव झाकला जातो. आणि हा उपचार असा आहे की अवयव उघडा करून दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही.

जगात हत्तीरोगाने हातपाय सुजलेली माणसे दीड कोटीहून जास्त आहेत आणि अंडवृद्धी झालेले पुरुष अडीच कोटी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अंडवृद्धीवर साधी शस्त्रक्रिया आहे, तरी पुरुष वर्षानुवर्षे धोतराआड लपवतात. भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. २००४ पासून घरोघर सामूहिक औषध देणे सुरू झाले, आता २०२७ पर्यंत रोग हटवण्याचे लक्ष्य आहे. श्रीलंकेने आणि मालदीवने ते २०१६ मध्ये गाठले, बांगलादेशाने २०२३ मध्ये. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी या रोगाच्या रक्तनिदानावर दशकानुदशके काम केले. म्हणजे ज्ञान आपल्या दारात होते. आणि तरीही गोळ्यांची मोहीम असलेल्या गावात आशाताई दारात उभी राहून समोर गोळी घ्यायला सांगते तेव्हा सर्वांत जास्त वाद घालतो तो शिकलेला माणूस. "मला काही झालेलं नाही, मी कशाला घेऊ?" गोळी कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली जाते. त्याला काही झालेले दिसत नाही हाच तर या रोगाचा स्वभाव. त्याच्या रक्तातली पिल्ले शेजारच्या पोराला डासामार्फत मिळतात आणि वीस वर्षांनी त्या पोराच्या पायाला आपण प्रारब्ध म्हणतो.

सरकारकडेही मागणी केलीच पाहिजे. औषधाच्या मोहिमेत जेवढा जोर दिसतो तेवढा ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांच्यासाठी दिसत नाही. त्यांच्या वाट्याला एखाद्या शिबिरात टब, मग, साबण आणि मलम येते, पण पट्टी बांधायला शिकवणारा हात परत फिरकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत हत्तीरोगाचे स्वतंत्र नाव नाही. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी कळमनुरी तालुक्यातल्या एका तरी ओसरीवर पाटावर बसून एक तरी पाय धुवावा, पुसावा, मोजावा, हे अभ्यासक्रमात असावे असे मला वाटते. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने केले तसे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत आपण काय केले ते आठवा. औषध निघून कित्येक वर्षे झाली होती, कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन आणि तपोवन उभी राहिली होती, तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत टिकून होते. औषध पुढे गेले, समाज कित्येक दशके मागून चालत आला. सुजलेल्या पायाच्या बाबतीत तेच चालू आहे. घरात एकाचा पाय सुजलेला म्हणून धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते. हा रोग आनुवंशिक नाही आणि सुजलेल्या पायाला हात लावल्याने तो कोणाला होत नाही, हे मोडणाऱ्यांना माहीत नसते असे नाही. त्यांच्यातले कितीतरी जण शिकलेले असतात.

श्रद्धेविषयी विचारणारे मला नेहमी भेटतात. "माणसाला धीर लागतो, तो तुम्ही काढून घेणार का?" मी काही काढून घेत नाही. याच जिल्ह्यातल्या नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते, तिच्याबरोबर चालणाऱ्यांच्या पायांची मला काळजी वाटते, त्यांच्या भक्तीची नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकून आलेल्या माणसाने घरी येऊन आईचा सुजलेला पाय धुतला तर माझे त्याच्याशी काहीही भांडण नाही. बुवाच्या पायांवर ओतलेले पाणी तीर्थ म्हणून प्यायचे आणि आईच्या पायाला लागलेले पाणी ओवळे मानायचे, याच्याशी आहे.

त्या ओसरीवर पुढे काय झाले ते सांगतो. बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. फिजिओथेरपिस्ट वाद घालत बसली नाही. ती म्हणाली, "काकू, मी बांधलं तर पाप नाही आणि काकांनी बांधलं तर पाप, असं कसं? माझा हातसुद्धा माणसाचाच आहे." बाई काही बोलली नाही. थोड्या वेळाने नवरा पाटावर बसला. हळदीने पिवळे झालेले हात त्याने धोतराला पुसले, मग उठला, घागरीजवळ जाऊन साबणाने धुतले आणि परत आला. बाईने पदर डोळ्यांवर ओढून घेतला, पण पाय थोडा पुढे सरकवला.

पहिली पट्टी पार ढिली पडली. दुसऱ्या वेळी पोटरीवर इतकी आवळली की बोटे निळी पडू लागली. मुलीने घाईने ती सोडवली आणि रोल पुन्हा त्याच्या हातात दिला. "काका, घोट्याशी घट्ट, वर सैल. परत एकदा, खालून."